बिडी-सिगरेट सोडा म्हटल्यावर काहींची सुटते, काहींची सुटत नाही, फरक नक्की कशाने पडतो?

उपकेंद्राची_ताई

नमस्कार सगळ्यांना. मी नाशिक जिल्ह्यात एका उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी आहे. तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे सीबॅक फॉर्म (बीपी-शुगरसारख्या आजारांचा धोका तपासायचे) आमच्या आशाताई घरोघरी जाऊन भरून आणतात, त्यात तंबाखू-बिडीचा प्रश्न असतोच, त्यामुळे गावात कोण ओढतं, कोण खातं हे आम्हाला बऱ्यापैकी माहीत असतं. बीपी-शुगरच्या गोळ्या न्यायला ही माणसं दर महिन्याला येतात तेव्हा मी प्रत्येकाला सोडायला सांगते. आणि इथेच मला काही कळेनासं झालंय.

एक शेतकरी काका आहेत, बीपीचे. त्यांना एकदाच सांगितलं की पायाच्या नसा बंद होतात, चालणं बंद होईल, बस, त्या माणसाने पुन्हा बिडीला हात लावला नाही. मुलगा पण सांगतो, खरंच सोडली. दुसरे मार्केट यार्डात हमाली करणारे दादा, शुगर आणि बीपी दोन्ही. ते आले की बंडीच्या खिशातून बंडल काढून माझ्या टेबलावर ठेवतात, "ताई हे घ्या, आजपासून बंद, देवाशप्पथ", वहिनी शेजारी उभ्या असतात, त्यांच्याही डोळ्यांत पाणी येतं, आणि पुढच्या महिन्याला त्याच खिशातून माचिस डोकावत असते. मग ते माझ्याकडे बघतच नाहीत, मान खाली घालून गोळ्या घेतात आणि निघतात. मला खरी भीती ही वाटते की एक दिवस ते लाजेपोटी गोळ्या न्यायलाच यायचे बंद होतील.

आमच्याकडे सगळे म्हणतात त्याच्यात इच्छाशक्तीच नाही. मला हे पटत नाही, कारण त्या दोघांमध्ये सोडायची इच्छा जास्त कोणाला आहे विचाराल तर मी हमाल दादांचंच नाव घेईन. मग अडतं कुठे? ओपीडीत माझ्याकडे एका पेशंटला पाच मिनिटं मिळतात, त्या पाच मिनिटांत काय विचारलं, काय केलं तर खरा फरक पडतो? इथे डॉक्टर, समुपदेशक, स्वतः सोडलेले असे सगळे आहेत म्हणून विचारते आहे.

कृष्णाकाठ

ताई, तुम्हाला जे पटत नाहीये ते बरोबरच आहे. मी गेली तीसेक वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून काम करतोय, आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो या इच्छाशक्ती शब्दाचा, कारण तो म्हटला की डॉक्टरची जबाबदारी संपते आणि पेशंट एकटा पडतो.

२०११ साली एक मोठा आढावा आला होता, वेगवेगळ्या देशांतले बरेच अभ्यास एकत्र करून, की सोडायचा प्रयत्न कोण करतं आणि त्यातलं कोण टिकतं. त्यात निघालं की मनापासून इच्छा असणं हे प्रयत्न कोण करेल ते सांगतं, पण तो प्रयत्न टिकेल की नाही ते इच्छेवरून फारसं कळत नाही, ते कळतं शरीर तंबाखूतल्या निकोटिनवर किती अवलंबून आहे त्यावरून. म्हणजे तुमच्या हमाल दादांची इच्छा पक्की आहे म्हणूनच ते दर महिन्याला बंडल टेबलावर ठेवतात. पुढे जे होतं ते इच्छेच्या हातात नसतं.

मग पाच मिनिटांत काय विचारायचं? दोन प्रश्न. सकाळी उठल्यावर पहिली बिडी किती वेळात लागते, आणि दिवसाला किती होतात. हे अवलंबून असणं मोजायची फागरस्ट्रॉमची सहा प्रश्नांची चाचणी आहे, दहा मार्कांची, पण त्यातले हे दोन प्रश्न सगळ्यात जास्त सांगून जातात. पाच मिनिटांच्या आत लागत असेल तर त्या एका प्रश्नालाच तीन मार्क आहेत. बिड्यांच्या आकड्याला सिगरेटचं माप जसंच्या तसं लावू नका, बिडी छोटी असते, सारखी विझते, म्हणून झुरके जास्त मारावे लागतात, पण पहिल्या बिडीची वेळ हा प्रश्न बिडीवाल्यालाही तितकाच लागू पडतो. कारण असं की निकोटिन रक्तातून दर दोनेक तासांनी निम्मं होतं, रात्रभर झोपलेल्या माणसाचं सकाळपर्यंत जवळजवळ संपलेलं असतं, आणि जो डोळे उघडताच उशाखाली बंडल चाचपतो त्याचं शरीर ते मागत असतं. माझी पैज आहे, तुमचे शेतकरी काका चहा-न्याहारी करून, जनावरांचं बघून मग पहिली पेटवत असणार, आणि हमाल दादा अंथरुणातच.

अशा माणसाला नुसता सल्ला देऊन घरी पाठवलं तर काय होतं तेही आकड्यात माहीत आहे. कुठल्याही मदतीशिवाय सोडणाऱ्या शंभरातले तीन ते पाचच सहा महिने-वर्षभर टिकतात, आणि बाकीच्यांपैकी बहुतेक पहिल्या आठवड्यातच परत सुरू करतात. डॉक्टरने थोडक्यात सल्ला दिला तर एक ते तीन जण वाढतात. आकडा छोटा दिसतो, पण तुमच्या उपकेंद्रावर वर्षाला किती ओढणारे येतात त्याला गुणून बघा, म्हणून सल्ला देणं सोडू नका. देशात २०१६-१७ चा जो मोठा तंबाखू सर्व्हे झाला, गॅट्सचा दुसरा, त्यात वर्षभरात डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचाऱ्याकडे गेलेल्या ओढणाऱ्यांपैकी ४८.८ टक्के लोकांनाच कोणीतरी सोडायला सांगितलं होतं. म्हणजे निम्म्यांना कोणी एका शब्दाने बोललं नाही! तुम्ही बोलताय, हे आधीच पुष्कळ आहे. पण हमाल दादांना सल्ल्याच्या वर औषध लागेल आणि पाठपुरावा लागेल. औषधाचं सविस्तर नंतर लिहितो, आत्ता पेशंट आलेत.

डेपोतला_माणूस

मी एसटीच्या वर्कशॉपला आहे, पंधरा-सोळाव्या वर्षापासून ओढत होतो, आता बरीच वर्षं झाली बंद आहे. डॉक्टर साहेबांनी लिहिलं ते शंभर टक्के खरं, मला उठल्या उठल्या लागायची, सिगरेट ओढल्याशिवाय संडासला होत नव्हतं, खोटं कशाला सांगू. घरचे म्हणायचे पोरीची शपथ घे, घ्यायचो पण, आणि शपथ मोडली की अजून दोन जास्त ओढायचो कारण स्वतःचीच चीड यायची. ताई, म्हणून सांगतो, त्या दादांकडून शपथ घेऊ नका. शपथ मोडलेला माणूस तोंड लपवतो.

माझं जमलं ते अशाने की आमच्या इथल्या डॉक्टरांनी तारीख ठरवून दिली आणि म्हणाले आदल्या रात्री घरातलं सगळं काढून टाक, पाकीट, माचिस, लायटर, राखेची वाटी सुद्धा, आणि निकोटिनचं च्युइंगम लिहून दिलं. ते कसं चघळायचं हे त्यांच्या कंपाउंडरने समोर बसवून दाखवलं. हे फार महत्त्वाचं आहे, आपण ते पेपरमिंटसारखं भराभर चावतो मग घसा जळतो, उचकी लागते आणि माणूस म्हणतो मला हे सोसत नाही. हळू चावायचं, तिखटसर झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, झिणझिण्या गेल्या की परत दोन-चार वेळा चावायचं, असं अर्धा तास. आणि चहा घेऊन लगेच तोंडात टाकायचं नाही, पंधरा मिनिटं जाऊ द्यायची, नाहीतर ते लागूच पडत नाही असं त्यांनी सांगितलं होतं.

दुसरं म्हणजे टपरी. आमच्या डेपोच्या गेटवर टपरी आहे, तिथं चहा आणि सिगरेट ही एकच गोष्ट आहे, अर्धा कटिंग संपला की हात आपोआप पुढे जातो. मी चहाची जागाच बदलली, आतल्या कँटीनला जायला लागलो आणि ज्या दोस्तांबरोबर ओढायचो त्यांना सरळ सांगितलं की मला महिनाभर बोलवू नका, राग मानू नका. एकानेही चेष्टा केली नाही, उलट त्यातला एक पुढे माझ्याबरोबर डॉक्टरांकडे आला. पहिला आठवडा वाईट जातो, झोप नाही, डोकं फिरतं, बायकोवर विनाकारण ओरडलो, पण त्या डॉक्टरांच्या दवाखान्यातून तिसऱ्या दिवशी फोन आला होता, कसं चाललंय म्हणून. तो फोन आला नसता तर त्या संध्याकाळी मी गेटवर गेलो असतो, हे मी खात्रीने सांगतो.

सह्याद्री_७६

माझं मत वेगळं आहे. मी एका दिवसात सोडली, गोळी नाही, च्युइंगम नाही, कोणाला सांगितलंही नाही. मनात आणलं की होतं. एवढं औषधांचं स्तोम माजवायची गरज नाही. एका धुराच्या ऐवजी दुसरं निकोटिन देणं म्हणजे काय सुटणं झालं?

मुक्ती_केंद्र

मी जिल्हा रुग्णालयातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशक आहे, राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखाली. सह्याद्री यांचं मनापासून अभिनंदन, आणि अशी माणसं आहेत हे खरंच आहे. इंग्लंडमध्ये २००६ साली एक अभ्यास झाला होता, त्यात जवळजवळ निम्मे प्रयत्न असेच तयारीशिवाय, अचानक केलेले निघाले आणि त्यातले बरेच टिकलेले पण होते. पण आमच्याकडे जी माणसं येतात ती अशा दहा अचानक प्रयत्नांनंतर खचून आलेली असतात, त्यांना "मनात आण" म्हणून परत पाठवणं माझ्याने होत नाही. आणि निकोटिनबद्दल, सवय लावतं ते निकोटिन हे बरोबर, पण फुप्फुसं आणि रक्तवाहिन्या जाळतो तो धूर, त्यातलं डांबर, कार्बन मोनॉक्साइड. च्युइंगममध्ये धूर नाही, आणि ते दोन-तीन महिन्यांत कमी करत बंद करायचं असतं.

ताई, तुमच्या प्रश्नाकडे येते. डॉक्टरांनी शरीराचं सांगितलं, मी घराचं आणि गावाचं सांगते, कारण माझ्या अनुभवात सुटलेला माणूस परत अडकतो तो तिथेच.

सगळ्यात आधी घर. घरात दुसरा ओढणारा आहे का, विचारा. भाऊ, बाप, मोठा मुलगा. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम गावच्या लोकांचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास चालू आहे, त्यातून २००८ साली निघालं की नवरा-बायकोपैकी एकाने सोडली की दुसऱ्याने ओढत राहायची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी होते, मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी. आपल्याकडे बायका सहसा ओढत नाहीत, पण मिश्री लावतात! नवऱ्याला बिडी सोड म्हणणारी बाई सकाळी चुलीपुढे बसून मिश्री लावत असते आणि नवरा तेच बोट दाखवतो. मी अशा वेळी दोघांना एकत्र बसवते आणि दोघांची तारीख एकच ठरवते. भांडणाचं कारण संपतं आणि दोघं एकमेकांवर लक्ष ठेवतात. हमाल दादांच्या वहिनी शेजारी उभ्या असतात म्हणालात ना, त्यांना बसायला खुर्ची द्या आणि त्यांनाही विचारा, तुम्ही काय लावता का म्हणून. रागावून नाही, आपुलकीने.

मग दारू. ज्याच्या बिडीची गाठ दारूशी बांधलेली आहे त्याचं हमखास तिथे फिसकटतं, दोन घोट पोटात गेले की ठरवलेलं सगळं वाहून जातं. पहिले काही आठवडे तरी बसणं टाळायला सांगा, आणि दारू जास्तच असेल तर तिचा इलाज वेगळा लागेल, तो आधी किंवा बरोबरीने.

आणि तिसरी गोष्ट जी बाहेरच्या पुस्तकांत फारशी सापडत नाही पण आपल्याकडे रोज दिसते. बिडी सुटते आणि मावा सुरू होतो. त्याच गॅट्सच्या सर्व्हेत महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के होते आणि खाणारे-लावणारे २४.४ टक्के. म्हणजे ज्या यार्डात दादा काम करतात तिथे आजूबाजूच्या दर चार माणसांत एकाच्या तरी खिशात पुडी असणार, तलफ आली की कोणीतरी मायेने तळहात पुढे करणार, "घे रे, बिडी नाही ना ही". तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे बहुतेक याच्यातूनच येतो. म्हणून "बिडी सोडली का" असं विचारू नका, "तंबाखू कुठल्या पण रूपात घेतली का" असं विचारा, मावा, खर्रा, मिश्री, गुटखा, नावं घेऊन विचारा, नाहीतर तो प्रामाणिकपणे "सोडली" म्हणेल आणि तुम्ही रजिस्टरला यश म्हणून नोंद कराल.

मनाकडेही बघा. सतत उदास असणारा, झोप नसलेला, कर्जाच्या काळजीतला माणूस बिडीला औषध समजून ओढत असतो. त्याला वाटतं ही गेली तर मी वेडा होईन. प्रत्यक्षात सोडल्यावर काही आठवड्यांनी चिंता आणि उदासी कमीच होते असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, हे त्याला आधीच सांगा, पण उदासी खोल वाटली तर एकटं सोडू नका, आमच्याकडे किंवा मानसोपचाराकडे पाठवा.

फोनचं म्हणाल तर पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर खरा आहे, फुकट आहे, आणि मराठीत बोलणारे समुपदेशक आहेत. २०१६ ला दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाला, नंतर मुंबईचं टाटा मेमोरियल पण त्यात आलं. नुसता नंबर लिहून देऊ नका, तुमच्यासमोर त्यांच्या फोनवरून लावून द्या. चिठ्ठीवर लिहिलेला नंबर धोतराबरोबर धुऊन निघतो.

लेस्टरहून

मी मूळची सांगलीची, इथे इंग्लंडमध्ये जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, प्रॅक्टिस नर्स आहे, धूम्रपान सोडवण्याचं क्लिनिक मीच बघते म्हणून दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

ताईंनी विचारलं पाच मिनिटांत काय. इथल्या जीपींवर लंडनमध्ये १९७९ साली एक अभ्यास छापून आला होता, अजूनही आम्हाला शिकवतात. दोन हजारांवर ओढणारे पेशंट. काहींना काहीच सांगितलं नाही, काहींना फक्त सल्ला दिला, काहींना सल्ला, एक पत्रक आणि "आम्ही पुढे तुमची चौकशी करणार आहोत" असं सांगितलं. वर्षाने बघितलं तर पहिल्या गटात ०.३ टक्के सुटले होते, नुसत्या सल्ल्यात ३.३ आणि चौकशी होणार म्हटलं त्या गटात ५.१. एक-दोन मिनिटांचं काम होतं ते, औषध काही नव्हतं! म्हणून डेपोतल्या दादांनी त्या फोनचं लिहिलंय ते वाचून मला इतकं बरं वाटलं. कोणीतरी विचारणार आहे हे माहीत असणं हाच इलाजाचा भाग आहे.

दुसरं, शेतकरी काकांचं "पायाच्या नसा". इथे हर्टफर्डशरमध्ये २००८ ला केलेलं काम आहे, सगळ्यांची फुंकायची तपासणी केली, म्हणजे स्पायरोमेट्री, अर्ध्या लोकांना नुसते आकडे दिले आणि अर्ध्यांना सांगितलं की तुमच्या फुप्फुसाचं वय इतकं झालंय. वर्षाने नुसते आकडे दिलेल्यांत ६.४ टक्के सुटले होते, फुप्फुसाचं वय सांगितलेल्यांत १३.६ टक्के. आणि यातली गंमत म्हणजे ज्यांचं फुप्फुसाचं वय चांगलं निघालं त्यांनीही तितकीच सोडली होती, म्हणजे घाबरवल्यामुळे नाही तर आपल्या शरीराचं आपल्याला कळेल असं कोणीतरी बोललं म्हणून. "कॅन्सर होईल" हे सगळ्यांनी हजार वेळा ऐकलेलं असतं. त्याला आत्ता काय त्रास आहे, पायाला मुंग्या, जिना चढताना दम, जखम भरत नाही, ते धरून बोला. शुगरवाल्याला तर पायाचं बोलायला भरपूर आहे.

आणि लोक विचारतील, हळूहळू कमी करू की एकदम. इथल्याच दवाखान्यांत ६९७ लोकांवर झालं, २०१६ मध्ये छापलं, दोन आठवड्यांत कमी करत नेणारे सहा महिन्यांनी १५.५ टक्के टिकले, ठरल्या दिवशी एकदम बंद करणारे २२ टक्के, दोन्हीकडे निकोटिनचा पॅच, म्हणजे त्वचेवर चिकटवायची पट्टी, आणि समुपदेशन होतंच. म्हणून मी एकदमच सुचवते, पण एखादा म्हणाला मला कमी करतच जमेल तर त्याला नाही म्हणत नाही, त्याचा उत्साह जपणं जास्त महत्त्वाचं.

माझ्याकडे कार्बन मोनॉक्साइडचं छोटं मशीन आहे, पेशंट फुंकतो आणि आकडा येतो, दहाच्या खाली आला की चेहरे असे खुलतात! ते उपकेंद्रावर नसेल, पण बीपी आहे, वजन आहे, ते दर वेळी दाखवत चला. वजनाचं आधी सांगून ठेवा, सोडल्यावर वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं, शुगरवाल्याला धक्का बसायला नको. आणि चहा निम्मा करायला सांगा. धुरामुळे लिव्हर कॅफिन भराभर जाळत असतं, धूर थांबला की तेवढ्याच चहाचं कॅफिन रक्तात जास्त साठतं, हात थरथरतात, झोप उडते, आणि माणूस म्हणतो बिडी सोडल्यामुळे होतंय. दमेकऱ्याला थिओफिलिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना नक्की कळवा, तिथेही हेच होतं आणि डोस कमी करावा लागू शकतो.

उपकेंद्राची_ताई

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय, खूप खूप आभार. आज औषधवाटपाचा दिवस होता, दोन्ही प्रश्न प्रत्येकाला विचारले. कृष्णाकाठ सर, पैज तुम्ही जिंकलात, हमाल दादा म्हणाले पाणी प्यायच्या आधी बिडी, आणि रात्री मध्ये जाग आली तर तेव्हा पण. शेतकरी काका म्हणाले मी तर दुपारच्या जेवणानंतरच सुरू करायचो. इतके महिने हा प्रश्न कसा कोणाच्या डोक्यात आला नाही देव जाणे, फॉर्ममध्ये फक्त ओढता-खाता का एवढंच आहे.

वहिनींना बसवलं. मिश्री निघाली. दादांना पहिल्यांदाच कळलं की नुसती त्यांच्याकडे बोटं दाखवली जात नाहीयेत, ते चक्क हसले. शपथ घ्यायला लागले तर म्हटलं शपथ नको, तारीख सांगा, पुढच्या सोमवारी यार्डाला सुट्टी आहे, ती धरली.

आता दोन अडचणी. आमच्या साठ्यात निकोटिनचं काही नाही. आणि त्यांना बीपी आहे, तर च्युइंगम चालेल का? मेडिकलवाला म्हणाला हार्टवाल्याला देऊ नका. त्यांच्या खालच्या दाढा पण नाहीत.

कृष्णाकाठ

ताई, बीपीला चालतं. स्थिर हृदयविकारात सुद्धा निकोटिनचं च्युइंगम किंवा पॅच सुरक्षित धरतात, कारण पर्याय काय आहे, तर तेच निकोटिन आणि वर धूर. नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलाय, छातीत दुखणं वाढत चाललंय, ठोके अनियमित आहेत असं असेल तर मात्र आधी फिजिशियनला दाखवायचं. त्यांचं बीपी आधी मोजा, गोळ्या नियमित आहेत ना बघा आणि तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या एमओंना, म्हणजे वैद्यकीय अधिकाऱ्यांना, फोन करून सांगा.

दाढा नसतील तर च्युइंगम त्यांना जमणार नाही, चोखायची गोळी म्हणजे लॉझेंज घ्या, किंवा पॅच. डोसमध्ये लोक फार कंजूषी करतात आणि मग म्हणतात औषध चाललं नाही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला लागते त्याला ४ मिलिग्रॅम लागतं, बाकीच्यांना २ पुरतं. २ चं च्युइंगम मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ ला चिठ्ठी लागते, म्हणून एमओंना सांगायचं. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासाला एक, तलफ यायची वाट न बघता, मग अंतर वाढवत बाराव्या आठवड्यापर्यंत बंद. पॅच परवडत असेल तर पॅच लावून वर गरजेला लॉझेंज, असं जोडीने दिलेलं एकट्यापेक्षा जास्त टिकतं. नुसत्या एका प्रकारानेही यश दीडपट होतं. व्हॅरेनिक्लिन नावाच्या, तलफ कमी करणाऱ्या गोळ्यांनी दुपटीच्या वर जातं, मानसिक त्रास होतो अशी भीती होती ती २०१६ च्या आठ हजारांवर लोकांच्या अभ्यासात खरी ठरली नाही, पण त्या एमओ किंवा फिजिशियननेच लिहायच्या, किडनी बघून.

साठ्याचं म्हणाल तर २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध यादीत निकोटिन रिप्लेसमेंट आलेलं आहे. एमओंच्या सहीने मागणीपत्रात लिहा, दर वेळी लिहा. मागणीच गेली नाही तर वरून येणार कुठून? तोपर्यंत जिल्हा रुग्णालयातल्या केंद्रात मिळतंय का ते मुक्ती_केंद्र यांना विचारून घ्या.

हमाल दादांचं वय काय आहे माहीत नाही, पण त्यांनी "आता या वयात काय फरक पडणार" म्हटलं तर सांगा. ब्रिटनमध्ये १९५१ पासून डॉक्टरांचाच पन्नास वर्षं अभ्यास केला, त्यात साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही सरासरी तीन वर्षं आयुष्य जास्त मिळालं, पन्नाशीत सहा, चाळिशीत नऊ. आणि "बिडी साधी असते" म्हणाले तर आपल्याच देशातला २००८ चा अभ्यास आहे, बिडी ओढणाऱ्या पुरुषांचं आयुष्य सरासरी सहा वर्षांनी कमी भरलं.

मुक्ती_केंद्र

ताई, आमच्याकडे आत्ता २ चं च्युइंगम आहे, ४ आणि लॉझेंज नाही, मी वर कळवलंय. दादा ज्या दिवशी यार्डातून लवकर सुटतात त्या दिवशी पाठवा, दुपारी चारपर्यंत मी असते, वहिनींनाही बरोबर येऊ द्या, मिश्रीचं मी त्यांच्याशी वेगळं बोलेन.

आणि एक ठरवून ठेवा, सोमवार तारीख आहे ना, मग बुधवारी संध्याकाळी आशाताईंना त्यांच्या घरावरून चक्कर मारायला सांगा, तिसरा दिवस सगळ्यात अवघड असतो. एखादी ओढलीच असं कळलं तर "परत सुरू केलीत ना" असं म्हणायचं नाही, कधी, कुठे, कोणाबरोबर ओढली तेवढं विचारायचं आणि दुसऱ्या दिवसापासून पुढे चालू.

डेपोतला_माणूस

ताई, दादांची हरकत नसेल तर माझा नंबर तुम्हाला मेसेजमध्ये पाठवतो, त्यांना द्या. संध्याकाळी सहा ते आठ मी मोकळाच असतो, तलफ आली की सरळ फोन लावायचा, पाच-दहा मिनिटं काहीही बोलत बसू, तेवढ्यात जाते ती.

उपकेंद्राची_ताई

पाठवा दादा, नक्की देते. आशाताईंना बुधवारचं सांगितलं, त्या म्हणाल्या मी मंगळवारी पण जाईन. मागणीपत्र उद्याच्या मीटिंगला एमओ सरांसमोर ठेवते.